काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर धोक्याची चिन्हे कशी ओळखावीत
ट्रॅबेक्युलेक्टॉमी या काचबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातील द्रव बाहेर पडण्यासाठी नवी वाट केली जाते आणि तो वरच्या पापणीखालील ‘ब्लेब’ नावाच्या फुगवट्यात जमतो. पुढील बहुतेक अडचणी या वाटेशीच निगडित असतात. सुरुवातीच्या आठवड्यांत द्रव गरजेपेक्षा जास्त झिरपल्यास डोळ्यातील दाब फार उतरून नजर धूसर होते, तर वाट व्रणाने बुजू लागल्यास दाब पुन्हा चढतो आणि तो बहुधा दुखत नसल्यामुळे केवळ तपासणीतच कळतो. म्हणून बरे वाटत असले तरी एकही तपासणी चुकवू नये. स्टिरॉइडचे थेंब व्रण रोखण्यासाठी असतात, ते स्वतःहून बंद करू नयेत. डोळा चोळू नये, जड वस्तू उचलू नयेत. दुसऱ्या डोळ्याचे थेंब, जे अनेकदा विसरले जातात, ते डॉक्टरांच्या सूचनेनुसार चालू ठेवावेत.

सर्वांत गंभीर धोका जंतुसंसर्गाचा असून तो अनेक वर्षांनंतरही होऊ शकतो. डोळा लाल होणे, दुखणे, चिकट स्राव येणे, उजेड सहन न होणे किंवा दृष्टी अचानक कमी होणे, यांपैकी काहीही जाणवल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी, रात्र असली तरी, नेत्ररुग्णालय गाठावे आणि ही शस्त्रक्रिया झाल्याचे सर्वप्रथम सांगावे.