कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा अर्ज कसा तयार करावा

घरातील छळाविरुद्ध कायद्याची मदत घ्यायची म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस ठाणे, गुन्हा आणि अटक एवढेच येते. तो मार्ग आहेच. पती किंवा सासरच्या माणसांच्या क्रूरतेबद्दल पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ खाली दाखल होणारा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खाली दाखल होतो. मात्र ज्या स्त्रीला रात्री घराबाहेर काढले आहे, तिला त्या वेळी राहायला जागा हवी असते, मुलांची फी आणि औषधपाणी यांसाठी पैसे हवे असतात आणि मारहाण थांबायला हवी असते. यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा असून तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. फौजदारी तक्रार केलेली असली तरी या कायद्याखाली स्वतंत्र अर्ज करता येतो.

अर्ज लिहिण्यास बसण्यापूर्वी त्या स्त्रीला नेमके काय हवे आहे, हे तिच्याशी बोलून एका कागदावर उतरवावे. त्याच घरात राहायचे आहे की वेगळे, मुले कोणाजवळ आहेत, दरमहा खर्च किती, दागिने कोणाच्या ताब्यात आहेत, ती नोकरी करीत असल्यास कामाच्या ठिकाणी येऊन कोणी त्रास देते का, या प्रश्नांची उत्तरे अर्जाची दिशा ठरवतात. अनेक अर्जांत दुःखाचे वर्णन पानेच्या पाने असते आणि शेवटी ‘न्यायालयास योग्य वाटतील ते आदेश व्हावेत’ एवढीच मागणी असते. माझ्या मते अर्जाचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते, कारण जे मागितलेलेच नाही त्यावर सुनावणीत युक्तिवाद होत नाही आणि पुरावाही येत नाही.

हा कायदा केवळ पत्नीसाठी आहे असा समज अजूनही आढळतो. आई, बहीण, मुलगी, विधवा वहिनी, तसेच विवाहासारख्या संबंधात एकत्र राहिलेली स्त्री, यांपैकी कोणीही अर्ज करू शकते. मुलाकडून छळ सोसणाऱ्या वृद्ध आईलाही तो तितकाच उपलब्ध आहे. गैरअर्जदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे ती व्यक्ती, प्रौढ पुरुषच असली पाहिजे ही अट सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हिरल हरसोरा प्रकरणात रद्द केली, त्यामुळे सासू किंवा नणंद यांच्याविरुद्धही अर्ज होतो. घरातल्या प्रत्येकाचे नाव घालण्याचा मोह मात्र टाळावा. ज्याच्या कृतीचा एकही ठोस प्रसंग सांगता येत नाही, अशा व्यक्तीचे नाव अर्ज कमकुवत करते आणि नोटिसा बजावण्यात वेळही जातो. अर्ज ती स्त्री सध्या तात्पुरती राहत असलेल्या ठिकाणच्या दंडाधिकाऱ्यांकडेही करता येतो. माहेरी किंवा मैत्रिणीकडे आश्रय घेतलेल्या स्त्रीने सासरच्या गावी जाण्याची गरज नाही.

ती अजून त्याच घरात राहत असेल तर तयारीची चाहूल लागणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून आधार कार्ड, विवाहाचा दाखला किंवा लग्नाचे फोटो, मुलांचे जन्मदाखले, बँकेची पासबुके, दागिन्यांच्या पावत्या आणि दवाखान्याचे कागद यांच्या प्रती घराबाहेर विश्वासाच्या व्यक्तीकडे ठेवाव्यात. फोन इतरांच्या हाती पडत असेल तर टिपणे फोनमध्ये ठेवू नयेत. तातडीचा धोका असल्यास ११२ हा क्रमांक आहे, महिलांसाठीची मदतवाहिनी १८१ आहे, आणि निवाऱ्याची किंवा वैद्यकीय तपासणीची सोय करून देणे हे संरक्षण अधिकाऱ्याचे, म्हणजे या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचे, कायद्याने ठरवलेले कर्तव्य आहे.

आता प्रसंग कसे लिहावेत ते पाहू. ‘लग्न झाल्यापासून सतत मारहाण होते’ हे वाक्य खरे असले तरी उलटतपासणीत टिकत नाही. ‘दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मुलीच्या देखत, पतीने डाव्या कानावर मारले, त्याच रात्री सरकारी दवाखान्यात उपचार घेतले’ हे वाक्य टिकते, कारण त्यात वेळ, जागा, कृती, साक्षीदार आणि पुढचा मागोवा आहे. तारीख आठवत नसेल तर ती अंदाजाने घालू नये. सण, मुलाची परीक्षा, घरातले लग्न अशा खुणेने काळ सांगितला तरी चालतो, पण चुकीची तारीख पूर्ण अर्जावर संशय आणते. पहिला प्रसंग, सर्वांत गंभीर प्रसंग आणि अलीकडचा प्रसंग हे तिन्ही यावेतच. शिव्या दिल्या असल्यास ते शब्द जसेच्या तसे लिहावेत; ‘अर्वाच्य भाषा वापरली’ असे सौम्य करून लिहिल्याने छळाची तीव्रता कागदावर उमटत नाही.

कायद्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे छळाचे चारही प्रकार मान्य केले आहेत. यांपैकी आर्थिक छळ अर्जातून सर्वाधिक गळतो, कारण पगार काढून घेणे, एटीएम कार्ड स्वतःजवळ ठेवणे, घरखर्च बंद करणे, स्त्रीधन गहाण टाकणे किंवा नोकरी सोडायला लावणे या गोष्टी स्वतः त्या स्त्रीलाही ‘घरची रीत’ वाटू लागलेल्या असतात. अर्ज लिहून देणाऱ्याने त्या आपणहून विचाराव्यात. लैंगिक छळाबद्दल मात्र घाई करू नये. ती बोलेपर्यंत थांबावे, आणि सुनावणी बंद दालनात घेण्याची विनंती करता येते हे तिला आधीच सांगावे.

पुराव्यात उपचाराचे कागद, पोलिसांत नोंदवलेल्या अदखलपात्र तक्रारींच्या प्रती, संदेश, ध्वनिमुद्रणे, बँकेचे उतारे हे सर्व येते. संदेशाचा फक्त स्क्रीनशॉट काढून मूळ संदेश पुसू नये. इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ फोन जपून ठेवणे हिताचे असते. कागद नाहीत म्हणून अर्जच करू नये असे मात्र नाही. तिची स्वतःची साक्ष हाही पुरावाच आहे.

अर्ज दोन मार्गांनी जातो. संरक्षण अधिकारी किंवा नोंदणीकृत सेवा पुरवठादार संस्था (स्त्रियांना मदत करण्यासाठी या कायद्याखाली नोंदलेली संस्था) तिची हकिकत ऐकून विहित नमुन्यात कौटुंबिक घटना अहवाल तयार करते आणि तो दंडाधिकाऱ्यांकडे पाठवते. किंवा ती वकिलामार्फत थेट न्यायालयात अर्ज करू शकते. अहवाल नसल्यास अर्ज चालत नाही असे कोणी सांगितल्यास ते बरोबर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट केले आहे. तरीही अहवाल करून घ्यावा असे मी सुचवीन, कारण त्यामुळे तिची हकिकत लवकरच्या तारखेला सरकारी नोंदीत येते. वकिलाच्या शुल्काची चिंता असल्यास विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जावे, अथवा १५१०० वर फोन करावा.

मागण्यांचा भाग सर्वांत काळजीने लिहावा. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातील कलम १८ च्या संरक्षण आदेशात हिंसा थांबवण्यासोबत तिच्या कामाच्या ठिकाणी किंवा मुलांच्या शाळेत येण्यास, फोन व संदेशांद्वारे संपर्क साधण्यास, तसेच संयुक्त खाते, लॉकर व मालमत्ता परस्पर वापरण्यास किंवा विकण्यास मनाई मागता येते. लागू असलेली प्रत्येक मनाई नाव घेऊन मागावी. कलम १९ खाली तिला घराबाहेर काढू नये, छळ करणाऱ्या पुरुषाने घर सोडावे, किंवा पर्यायी घराचे भाडे द्यावे, आणि स्त्रीधन परत करावे असे आदेश होतात. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा सुनेचा तेथे काही संबंध नाही, हा युक्तिवाद वर्षानुवर्षे स्त्रियांना रस्त्यावर आणत होता. २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पतीच्या नातेवाइकाच्या मालकीचे घरही सामायिक घर, म्हणजे या कायद्याने तिला राहण्याचा हक्क असलेले घर, असू शकते असा निर्णय दिला. त्यामुळे ती त्या घरात केव्हापासून, कोणत्या नात्याने राहत होती, हे अर्जात तपशिलाने यावे. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नव्हे, याचीही तिला कल्पना द्यावी.

कलम २० खालच्या आर्थिक मागणीत गोल आकडा लिहू नये. भाडे, किराणा, फी, प्रवास, औषधे यांचा हिशेब मांडावा आणि वैद्यकीय खर्च व बुडालेली मिळकत वेगळी दाखवावी. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निर्णयानंतर दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते. तिने स्वतःची कमाई लपवू नये. त्याच निर्णयानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते, त्यामुळे अर्ज लवकर करणे महत्त्वाचे आहे. पती पगारदार असल्यास त्याच्या मालकाने रक्कम थेट तिला द्यावी अशीही मागणी करता येते. मुलांचा तात्पुरता ताबा कलम २१ खाली आणि मानसिक यातनांची भरपाई कलम २२ खाली येते.

पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अनेक प्रकरणे याहून कितीतरी रेंगाळतात, आणि थांबण्याची सर्वाधिक किंमत तीच स्त्री मोजते. म्हणून मुख्य अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापूर्वीच्या तात्पुरत्या, आदेशाचा अर्ज शपथपत्रासह द्यावा. गैरअर्जदाराला न ऐकताही असा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना आहे.

मध्येच समुपदेशनाचा आदेश झाल्यास घाबरू नये, पण दबावालाही बळी पडू नये. नियमांनुसार समुपदेशनाचा हेतू हिंसा पुन्हा होणार नाही याची हमी घेणे हा आहे आणि गैरअर्जदाराला तेथे आपल्या हिंसेचे समर्थन करण्याची मुभा नाही. ‘थोडे सांभाळून घ्या’ एवढाच सल्ला मिळत असेल तर तसे न्यायालयाला कळवावे. तडजोड झाली तर तिच्या अटी लेखी असाव्यात आणि न्यायालयाच्या नोंदीत याव्यात.

आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. ती जवळच्या पोलीस ठाण्यातही पोहोचली आहे याची खात्री करावी. संरक्षण आदेशाचा, अंतरिम असला तरी, भंग हा कलम ३१ प्रमाणे दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक होऊ शकणारा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने न मिळणारा) गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दारापाशी येऊन धमकावले, नातेवाइकाच्या फोनवरून निरोप पाठवला, असा प्रत्येक भंग तारखेसह नोंदवावा आणि पोलीस ठाण्यात तक्रार दिल्याची पोच घ्यावी. रक्कम थकल्यास वसुलीचा वेगळा अर्ज करावा लागतो, तो महिनोन्‌महिने पुढे ढकलू नये. आदेश मान्य नसल्यास ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येते. आणि पुढे नोकरी गेली, आजारपण आले किंवा मुलांचा खर्च वाढला, तर बदललेली परिस्थिती दाखवून तोच आदेश सुधारून घेण्यासाठी कलम २५ खाली अर्ज करता येतो.