घरकुले घाऊक घेताना: महापालिकेने निविदेआधी काय तपासावे

पाच-सहाशे घरे बांधायला ठेकेदार मिळतो. अडते ते घर परवडणाऱ्या लाभार्थ्यापाशी. म्हणून निविदेचा मसुदा उघडण्याआधी अर्जदारांची यादी पुढ्यात घ्या.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये भागीदारीतून बांधलेल्या घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे किमान एक लाख रुपये मिळतात. समजा घराची किंमत १२ लाख निघाली, तर साडेनऊ लाख लाभार्थ्याने भरायचे. त्यातले एक लाख त्याने पदरचे घातले, तरी साडेआठ लाखांच्या कर्जाला ९ टक्के दराने २० वर्षे महिन्याला सुमारे ७,६५० रुपये हप्ता बसतो. आर्थिक दुर्बल घटकाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ३ लाख, म्हणजे महिना २५,००० रुपये. मर्यादेच्या टोकावरचे कुटुंब हे जेमतेम पेलेल. महिना १५,००० मध्ये भागवणारे कुटुंब सोडतीत नंबर लागूनही घर सोडून देईल, आणि ते घर पालिकेच्या गळ्यात पडेल. तेव्हा अर्ज घेतानाच बँकांना बसवा, कर्जाची प्राथमिक मंजुरी तपासा आणि जितक्यांचे कर्ज बसते तितकीच घरे पहिल्या टप्प्यात घ्या.

जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका पालिकेच्या नावावर हवी, मोजणी होऊन हद्दीच्या खुणा रोवलेल्या हव्यात, अतिक्रमण निघालेले हवे. कार्यादेश दिल्यावर जागा अडली, तर ठेकेदार यंत्रे आणि मजूर बसून राहिल्याची भरपाई मागतो; आणि बहुतेक वेळा ती मागणी रास्तच असते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे, तरी तोच राहून जातो. ६०० घरे, घरटी ५ माणसे, माणशी रोज १३५ लिटर: ४ लाख ५ हजार लिटर. त्याच्या ८० टक्के, म्हणजे सव्वातीन लाख लिटर सांडपाणी. मुख्य जलवाहिनी, मलशुद्धीकरण, रस्ता आणि वीज उपकेंद्राचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरा. पाणीपुरवठा विभागाने लेखी तारीख दिल्याशिवाय निविदा काढूच नये.

दर मागताना 'प्रति घर' एवढेच लिहू नका. एक जण चटईक्षेत्रावर (भिंतींच्या आतली वापराची जागा) दर देतो, दुसरा बांधीव क्षेत्रावर (भिंती धरून), आणि तुलना फसते. चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये ठरवून द्या. जिने, लिफ्ट, टाक्या, वाहनतळ, वीजमीटरची जोडणी दरात आहे की नाही तेही लिहा. ठोक रकमेचे काम असेल तर दरवाजाची जाडी, नळांचा दर्जा, वायरचा गेज इथपर्यंत तपशील हवा. जे लिहिलेले नाही ते स्वस्तातले बसणार.

घाऊक खरेदीचा खरा फायदा ॲल्युमिनियम फॉर्मवर्कमध्ये, म्हणजे काँक्रीट ओतायच्या ॲल्युमिनियमच्या साच्यात दिसतो. एकाच मापाचा साचा पुन्हा पुन्हा वापरला तरच तो परवडतो, म्हणून आराखडा आधी गोठवा. भिंती काँक्रीटच्या असल्याने विसरलेला वीजपाइप नंतर भिंतीत खाच पाडून बसवावा लागतो, त्यात सळई उघडी पडते. आधी एक नमुना घर पूर्ण करून घ्या, वायरमन आणि प्लंबरला त्यात उभे करा, मग पुढचे मजले. गळती बहुधा टाय-रॉडची (साच्याच्या दोन बाजू धरून ठेवणाऱ्या सळ्यांची) भोके, खिडकीच्या कडा आणि संडासाच्या बुडीत, म्हणजे खाली घेतलेल्या स्लॅबमधून होते. तिथे टाइल्स लावण्याआधी किमान ४८ तास पाणी भरून ठेवा. काँक्रीटचे नमुने आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार: ३१ ते ५० घनमीटरला ४, पुढच्या प्रत्येक ५० ला किंवा त्याच्या भागाला एक. म्हणजे १२० घनमीटरच्या ओतकामाला ६ नमुने, प्रत्येकी ३ ठोकळे (क्यूब), २८ दिवसांच्या चाचणीसाठी.

देयके टप्प्यांशी बांधा, पण शेवटचा १० टक्क्यांचा टप्पा भोगवटा प्रमाणपत्र, अग्निशमन दाखला आणि लिफ्टचा परवाना हाती आल्यावरच मोकळा करा. दोषदायित्व, म्हणजे बांधकामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याची जबाबदारी, ५ वर्षांचे लिहा. लिफ्ट आणि पंपांची देखभाल याच निविदेत तितक्याच वर्षांसाठी घ्या. नव्या सोसायटीकडे पहिल्या वर्षी वर्गणी जमत नाही, आणि बंद लिफ्टच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे म्हातारे घरातच अडकतात.