जानेवारीत तुंगनाथला निघताय, तर आधी गॉगल

आमच्या गल्लीतले सहा जण जानेवारीत तुंगनाथला, उत्तराखंडातल्या उंचावरच्या महादेवाच्या देवळाला, निघालेत. परवा ओट्यावर बसून तिकिटांचं, खोल्यांचं, भाड्याच्या गाडीचं सगळं बोलणं चाललं होतं. मी मध्येच विचारलं, "गॉगल लिधा का रे भाऊ?" सगळे माझ्याकडे बघत राहिले. बर्फात, थंडीत गॉगल कशाला? दोन वर्षांपूर्वी मलाही असंच वाटलं होतं. म्हणून हे लिहून काढतोय. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान गॉगलचं तेवढं वाचा.

आम्ही सात जण होतो, सगळे अमळनेरचे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचे लाडू, दोन-दोन स्वेटर, कानटोप्या, बीपीच्या गोळ्या, सगळं मोजून बांधलं होतं. सकाळी सातला पायथ्याच्या चोपत्याहून चढायला लागलो. आभाळ निळंशार, ऊन लख्ख, चहूकडे पांढरं. दुपारी अडीचला सगळे धडधाकट खाली. रात्री साडेआठला जेवायला बसलो आणि डोळ्यांत खुपायला लागलं. दादर ज्वारी काढताना डोळ्यात कूस गेलं की होतं तसं, पण दोन्ही डोळ्यांत, आणि काही केल्या निघेना. तासाभरात वहिनींना डोळे उघडवेनात. मग मला. मग आणखी दोघांना. डोळ्यांतून नुसतं पाणी. आम्हाला वाटलं शेकोटीच्या धुरानं झालं असेल. धूर नव्हता तो. दिवसभर बर्फावरून उसळून डोळ्यांत गेलेलं ऊन होतं, आणि ते सहा ते बारा तासांनी दुखायला लागतं. चढताना काहीच कळत नाही, घातक आहे ते हेच.

दुसऱ्या दिवशी मक्कूमठाला जायचं होतं. हिवाळ्यात तुंगनाथाचं मंदिर बंद असतं, देवाची डोली मक्कूमठात येते आणि वैशाखापर्यंत पूजा तिथेच होते. गाडी तिथवर गेली. डोळ्यांवर ओला रुमाल बांधून, पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून मी आत गेलो. घंटा ऐकली, तीर्थ घेतलं, देव दिसला नाही. खान्देशातून एवढ्या लांब जाऊन मी देवासमोर डोळे मिटून उभा राहिलो. ते अजून मनातून जात नाही. सातांपैकी तिघांना काही झालं नाही. पुतण्यानं फोटोसाठी गॉगल नेला होता आणि दिवसभर घातला होता. बाकी दोघांना निम्म्या वाटेत दम लागला म्हणून ते लवकर परतले होते.

कारण समजून घ्या, म्हणजे दुकानात जायचा कंटाळा करणार नाही. जळगावचं मे महिन्यातलं ऊन आपण सोसतो, त्यामुळे जानेवारीतलं ऊन आपल्या खिजगणतीत नसतं. पण आपल्याकडे ऊन वरून येतं आणि जमिनीत जिरतं. नुकता पडलेला बर्फ उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. कोरडी वाळू फेकते साधारण १५ टक्के. म्हणजे टोपी कितीही पुढे ओढा, उपरणं कितीही गुंडाळा, ऊन खालून येतंच. शिवाय दर हजार मीटर चढलं की अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे, तुंगनाथ ३,६८० मीटरवर. पाठीची कातडी भाजते तसा बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. ढग असले तरी भाजतो, कारण पातळ ढगातून हे किरण आरपार येतात. "आज ऊन नाही" म्हणून गॉगल खिशात ठेवायचा नाही.

गॉगल कसा घ्यायचा? जत्रेतला नको. नुसती काळी काच आणि अतिनील किरण अडवायची सोय नाही, असा गॉगल तर आणखी वाईट. अंधारामुळे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. चष्म्याच्या दुकानात जा, 'यूव्ही ४००' लिहिलेलं बघा, काचेची श्रेणी ३ किंवा ४ मागा. चौथ्या श्रेणीची काच गाडी चालवताना घालायची नाही, ती फार काळी असते. बाजूनं बंद असलेला, गालाला लागणारा घ्या, कारण बर्फावरचं ऊन कडेनंही शिरतं. मागे दोरी बांधा. वाऱ्यानं उडून दरीत गेला तर तिथे दुकान नाही. नंबरचा चष्मा असलेल्यांनी वरून बसणारा मोठा गॉगल घ्यावा. उन्हात काळा होणारा नंबरचा चष्मा पुरत नाही, त्याच्या बाजू उघड्या असतात. प्रत्येकाचा वेगळा हवा. "आम्ही दोघं आलटून पालटून घालू" हे मी परवाच ऐकलं, ते चालणार नाही. सहा माणसं, सात गॉगल. सातवा जास्तीचा. मुलं असतील तर आधी त्यांचा.

हरवलाच तर पुठ्ठ्याची पट्टी कापा, डोळ्यांसमोर बारीक आडव्या फटी पाडा आणि दोरीनं बांधा. उत्तर ध्रुवाकडचे लोक हाडाचे आणि लाकडाचे असे चष्मे पूर्वीपासून करत आले आहेत. दिसतं कमी, पण डोळे वाचतात. आणि एवढं करूनही रात्री डोळे खुपायला लागले, तर चोळू नका. लेन्स असतील तर काढा. अंधाऱ्या खोलीत पडून राहा, डोळ्यांवर गार ओलं फडकं ठेवा, सकाळी डॉक्टर गाठा. बहुतेकांचं एक ते तीन दिवसांत बरं होतं. गुलाबपाणी, मध, काजळ, काही घालायचं नाही. बधिर करायचे थेंब कोणी दिले तर आपल्या मनानं वापरायचे नाहीत, त्यानं दुखणं दबतं आणि जखम भरायला वेळ लागतो.

आता बाकीचं. कपड्यांत एकच गोष्ट सांगायची आहे. आपली घरं कापसावर चालतात, पण बर्फात अंगाला लागून सुती कपडा नको. बनियन, पायजमा, मोजे, काहीच सुती नको. चढताना घाम येतो, सुती कपडा तो धरून ठेवतो, वाळत नाही, आणि थांबलात की तोच ओला कपडा अंगातली ऊब काढून घेतो. आत सिंथेटिक किंवा लोकरीचं, मध्ये लोकर, वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, दहा मिनिटांत अंग तापतं. पहिल्या पावलापासून सगळं चढवून निघालात तर अर्ध्या तासात घामानं चिंब व्हाल. हातमोजे दोन जोड, एक ओला होतोच. कानटोपी हवीच.

बूट घोट्याच्या वर येणारे आणि घरी महिनाभर वापरलेले हवेत. जाड मोजा घालून बोटं हलली पाहिजेत, बूट घट्ट झाला की रक्त पोचत नाही आणि बोटं बधिर होतात. बोटं पांढरी पडून काही कळेनासं झालं तर शेकोटीवर धरू नका आणि बर्फानं चोळू नका. काखेत किंवा पोटाशी ऊब द्या आणि खाली उतरा. बुटाला चढवायचे लोखंडी काटे, ज्यांना क्रॅम्पॉन म्हणतात, ते चोपत्यात भाड्यानं मिळतात. ते घ्याच. चढताना एक वेळ चालून जाईल, पण उतरताना फरसबंद वाटेवरच्या बर्फाची काच झालेली असते आणि एका बाजूला उतार असतो. पायऱ्यांवरून घसरून मनगट मोडलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे. काठी एक घ्या, दोन असतील तर उत्तम.

आपल्यातले बरेच जण म्हणतील, आम्ही अस्तंब्याची यात्रा केली आहे, चैत्रात सप्तशृंगगडावर पायी गेलो आहोत. ते पाय चांगलेच आहेत, मीही दोन्ही केलं आहे. पण अस्तंबा साधारण १,३०० मीटर. सातपुड्यात फार थंडी पडली तर डाब गावाकडे दव गोठतं, त्यापलीकडे आपण बर्फ पाहिलेला नाही. इथे चोपत्यातच तुम्ही २,७०० मीटरच्या आसपास असता. म्हणून घाई करायची नाही. भुसावळहून दिल्ली, हरिद्वार, मग ऋषिकेशहून ऊखीमठाला गाडीनं अख्खा दिवस जातो. ऊखीमठात ओंकारेश्वर मंदिर आहे, केदारनाथाची हिवाळ्यातली पूजा तिथे होते. दर्शन घ्या आणि मुक्काम करा. दुसरा मुक्काम सारी गावात किंवा चोपत्यात. तिसऱ्या दिवशी चढा. आणि मक्कूमठाचं दर्शन चढण्याच्या आधी करून घ्या, नंतरवर ठेवू नका. आम्ही नंतरवर ठेवलं होतं.

डोकं ठणकणं, मळमळ, जेवण नको वाटणं हे उंचीचं दुखणं असतं. असं झालं की आणखी वर जायचं नाही. बरं वाटलं नाही तर खाली उतरायचं. पाय लटपटायला लागले, बोलताना शब्द चुकायला लागले किंवा बसल्या जागी धाप लागली तर एक क्षण न थांबता खाली, रात्र असली तरी. दारूचा थेंब नको. दमा, हृदयाचा त्रास, बीपी असलेल्यांनी इथल्या डॉक्टरांना विचारूनच निघावं, आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, गाडीच्या टपावरच्या बॅगेत नाही.

वाट चोपत्यापासून तुंगनाथापर्यंत साडेतीन-चार किलोमीटरची आहे. आकडा बघून फसू नका, चढ जवळपास हजार मीटरचा आहे. बर्फ जास्त पडला की रस्ता अलीकडेच बंद होतो, गाडी दुगलबिट्ट्याच्या आसपास थांबते आणि पुढचं अंतर जाता-येता पायी वाढतं. ते धरूनच वेळ ठरवा. तिथला माहितगार माणूस सोबत घ्या. पैसे वाचवायची ही जागा नाही. बर्फाखाली वाट कुठे वळते ते त्यालाच कळतं. तो आज नको म्हणाला तर आज नको. नवा बर्फ पडल्यावर एक-दोन दिवस थांबायचं, कारण ताजा थर उतारावरून सुटतो. तीव्र उताराखालून वाट जात असेल तिथे गर्दीनं नाही, एकेकानं जायचं आणि मध्ये थांबून फोटो काढायचे नाहीत. चंद्रशिला हे शिखर मंदिराच्या आणखी वर आहे, चढ उभा आहे. जानेवारीत ते सोडा. कड्याच्या टोकाला वाऱ्यानं बाहेर लोंबलेला बर्फ असतो, त्याच्याखाली जमीन नसते. मंदिराच्या बंद दारासमोर डोकं टेका आणि तिथूनच वळा.

सकाळी सातच्या आत निघा. दुपारी बाराला, जिथे असाल तिथून, मागे फिरा. मंदिर समोर दिसत असलं तरी. दुपारनंतर बर्फ मऊ होतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो, ढग येतात, आणि साडेपाचला सूर्य गेला की तोच ओला बर्फ पुन्हा टणक होतो. टॉर्च प्रत्येकाकडे.

पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. बर्फ आधी वरच्या बाजूला धरतो, म्हणजे तोंड मोकळं राहतं. तहान लागत नाही म्हणून पाणी सोडू नका. मोबाइल आतल्या खिशात, थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते. दशम्या आणि लाडू आतल्या जाकिटात, नाहीतर दगड होतात. ओठांना तूप किंवा मलम, नाकाला आणि हनुवटीच्या खालच्या बाजूला सनस्क्रीन, तिथेही ऊन खालून लागतं. वेफर्सची पाकिटं खिशातून परत आणा.

उतरताना सगळे एकत्र. पुढचा मागच्याला दिसला पाहिजे. टाच आधी टेकवा, गुडघे थोडे वाकवा. काटे पक्क्या रस्त्यावर पोचल्याशिवाय काढू नका. गॉगलही गाडीत बसेपर्यंत काढू नका. उतरताना ऊन तिरपं येतं, घाम येतो, काचेवर वाफ धरते, माणूस वैतागून डोक्यावर सरकवतो. वाफ धरली तर थांबा, पुसा, पुन्हा घाला.

खाली आल्यावर मोजे बदला, गरम काहीतरी प्या, झोपा. परतीचं तुम्हाला माहीतच आहे.

अमळनेरातच घ्या गॉगल, नाही मिळाला तर जळगावात. ऋषिकेशला बघू असं नको. आम्ही ऋषिकेशला रात्री दहाला पोचलो होतो, सगळी दुकानं बंद होती.