रॅम्प आहे, दांडा आहे, तरी आजी घरातच? या चुका टाळा

इंदूरच्या कुठल्याही कॉलनीत फिरा, फाटकापुढे रॅम्प दिसतोच. तो कारसाठी किंवा ॲक्टिवासाठी बांधलेला असतो. घरात कुणाचा गुडघा बदलला, कुणाला अर्धांगाचा झटका आला, की तोच रॅम्प माणसासाठी चालवून घ्यायचा प्रयत्न होतो. बाथरूममध्ये एक दांडा ठोकला जातो, चाकाची खुर्ची येते. एवढं करूनही म्हातारं माणूस बाहेर पडत नाही, कारण पलंगापासून रिक्षापर्यंतच्या वाटेत कुठेतरी एक पायरी राहून गेलेली असते. ती एक पायरी बाकीचा सगळा खर्च वाया घालवते. म्हणून मिस्त्रीला बोलावण्याआधी ही वाट टेप घेऊन एकदा चालून बघा. खालच्या बहुतेक चुका तिथेच सापडतील.

जागा उरेल तेवढाच रॅम्प

माणसांच्या रॅम्पचा चढ जास्तीत जास्त एकास बारा, म्हणजे एक इंच वर जायला बारा इंच लांबी. आपल्याकडे ओटला, म्हणजे दारापुढचा ओटा, सहज दोन फूट उंच असतो. सिमेंटचा रस्ता नव्याने झाला की तो वर येतो, आणि पावसाचं पाणी घरात शिरू नये म्हणून नवं घर बांधणारा जोतं आणखी उंच घेतो. दोन फुटांना चोवीस फूट लांब रॅम्प लागतो. त्याच्या वर आणि खाली खुर्ची वळवायला पाच-पाच फूट सपाट जागा वेगळी. पंधरा बाय पन्नासच्या प्लॉटवर पुढे एवढी जागा नसतेच. मग ठेकेदार आठ फुटांत रॅम्प बसवून देतो. तो चढ एकास चार होतो. त्यावरून खुर्ची ढकलणारी सूनबाई दमते आणि उतरताना खुर्ची हातातून सुटते.

अशा वेळी रॅम्पचा हट्ट सोडलेला बरा. आई काठी घेऊन चालत असेल तर चांगल्या पायऱ्या तिला उभ्या रॅम्पपेक्षा कितीतरी सुरक्षित. सहा इंच उंच, फूटभर रुंद, सगळ्या अगदी सारख्या, आणि दोन्ही बाजूंना कठडा. पायऱ्यांची उंची कमी-जास्त असेल तर पाय तिथेच अडखळतो, कारण पहिल्या दोन पायऱ्यांवरून पाय पुढचा अंदाज बांधतो. कठडा सुमारे तीन फुटांवर असावा आणि शेवटच्या पायरीपुढे फूटभर न्यावा. बहुतेक ठिकाणी तो पायरीच्या आधीच संपतो, आणि आधार नेमका तिथेच लागतो.

खुर्चीशिवाय गत्यंतरच नसेल तर बाजूच्या बोळातून किंवा मागच्या दारातून वळणाचा रॅम्प निघतो का ते बघा. चार फूट रुंदी, दोन्हीकडे कठडा, कडेने चाक घसरू नये म्हणून तीन-चार इंचांची उभी कड, आणि खरखरीत फरशी. गुळगुळीत कोटा फरशी इथे कधीच नको. पहिल्या पावसात ती पाय सरकवते. हाच नियम बाथरूमलाही.

बाथरूम: सगळ्यात जास्त चुका इथे

पहिली चूक उंचीची. जुन्या घरात देशी संडासाच्या जागी कमोड बसवताना पाइपाला खाली जागा मिळत नाही. मग मिस्त्री स्लॅब न फोडता फरशीच उचलतो, आणि रात्री दोनदा उठणाऱ्या माणसासमोर सहा इंचांची नवी पायरी उभी राहते. बाहेरची भिंत लगतच असेल तर मागून, भिंतीतून पाइप काढता येणारा कमोड मिळतो. प्लंबरला हे आधी विचारा. टाइल लागल्यावर विचारून उपयोग नाही.

दुसरी चूक कमोडच्या उंचीची. नियमपुस्तकात सीट १८ ते १९ इंच सांगितली आहे, कारण चाकाच्या खुर्चीवरून सरकून बसायचं असतं. पण चार फूट दहा इंचांच्या आजीचे पाय त्या उंचीवर टेकतच नाहीत, आणि पाय टेकले नाहीत तर उठायला जोर येत नाही. घरात ज्या खुर्चीतून ती कुणाचा हात न धरता उठते, त्या खुर्चीची उंची मोजा आणि सीट तेवढी घ्या. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यासाठी मात्र नियमातलीच उंची ठेवा. दोन माणसांची गरज एक असेल असं धरून चालू नका.

तिसरी चूक दांड्याची. तोल जाताना माणूस हाताला येईल ते धरतो, मग तो नळ असो की टॉवेलचा दांडा. टॉवेलचा दांडा टॉवेलाचंच वजन पेलतो. आधाराचा दांडा साधारण दीड इंच जाडीचा, भिंतीपासून दोन इंच सुटा, आणि पूर्ण वाढलेल्या माणसाचा भार एकदम पडला तरी न हलणारा हवा. टाइलवर बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला, किंवा भिंत अर्ध्या विटेची असेल, तर प्लास्टिकच्या गुट्टीवर विश्वास ठेवू नका. आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी घाला. जागा ठरवताना आईला कमोडवर बसवा, उठायला सांगा, हात जिथे जातो तिथे पेन्सिलने खूण करा.

चौथी चूक दाराची. दार आत उघडत असेल आणि आतलं माणूस दाराला टेकून पडलं तर बाहेरून ते ढकलता येत नाही. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. कडी बाहेरून उघडता येईल अशी हवी.

बाकी छोटं पण करायलाच हवं असं: पांढरी फरशी, पांढरी भिंत, पांढरा कमोड असं सगळं एकरंगी नको, मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना कडा दिसत नाहीत. पलंग ते संडास या वाटेवर रात्रभर मंद दिवा राहू द्या.

उंबरठा

उंबरठा काढायचा म्हटलं की घरातली मोठी माणसंच विरोध करतात. गौरी येतात त्या त्यावरून, पावलं तिथेच काढतात. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण उंबरठा उंचच हवा असं काही नाही. फरशीच्या पातळीत लाकडाची किंवा दगडाची पट्टी बसवा, हळदीकुंकू तिलाही वाहता येतं. अगदी ठेवायचाच असेल तर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, आणि कडा उतरत्या करा. दाराची मोकळी रुंदी तीन फूट हवी, चौकटीची नव्हे.

मल्टीत, म्हणजे बहुमजली इमारतीत, फ्लॅट घेताना

जुन्या मल्ट्यांत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते. घरी पोहोचायला अर्धा जिना उरतोच. काही ठिकाणी लिफ्ट बरोबर मजल्यावर, पण पार्किंगमधून लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या. बघायला जाल तेव्हा चाकांची बॅग ओढत न्या. जिथे ती उचलावी लागेल तिथे खुर्चीही अडेल. लिफ्टचं बटण बसून हाताला येतं का, वीज गेली तर लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन उघडते का, आणि स्ट्रेचर मावतं का, ते विचारा. स्ट्रेचरसाठी आतली खोली दोन मीटरच्या आसपास लागते.

‘ज्येष्ठांसाठी खास’ अशी जाहिरात असेल तर केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ साली काढलेली निवृत्तीनिवासांची आदर्श तत्त्वं समोर ठेवून बिल्डरला प्रश्न विचारा. बाग आणि मंदिर दाखवणाऱ्याला आधी बाथरूम उघडून दाखवायला सांगा.

रस्त्यावर

फुटपाथवरच्या पिवळ्या उठावदार फरश्या शोभेसाठी नाहीत, दिसत नसलेल्या माणसाला वाट कळावी म्हणून आहेत. सेइची मियाके यांनी त्या जपानमध्ये तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब पट्ट्या म्हणजे ‘या दिशेने चला’, गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे धोका किंवा वळण’. आपल्याकडे ठेकेदार दोन्ही मिसळून लावतो. कधी ती रांग थेट खांबावर जाऊन संपते. दिसत नसलेल्या माणसाला अशी चुकीची खूण नसलेल्या खुणेपेक्षा जास्त घातक. मोटारसायकल चढू नये म्हणून लावलेल्या खांबांतही तीन फुटांहून कमी फट ठेवली तर खुर्ची अडते आणि मोटारसायकल मात्र हँडल वळवून निघून जाते. आपल्या दुकानाची पाटी, कुंडी, उभी गाडी त्या पट्टीवर येते का, हे तर प्रत्येकाने आजच बघावं.

‘ते नियम नुसते मार्गदर्शक आहेत’ हे कचेरीतलं उत्तर ऐकून परत येणं

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम ४४ नुसार सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना इमारत अडथळ्याविना वापरता यावी यासाठीच्या, नियमांत न बसणाऱ्या नकाशाला परवानगी देता येत नाही, आणि इमारत तशी नसेल तर पूर्णत्वाचा दाखलाही नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालच्या २०१७ च्या नियमावलीतला पंधराव्या नियमाचा पहिला भाग कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यामुळे मानकं नुसत्या शिफारशींसारखी उरत होती. किमान बाबी सक्तीच्या करण्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. तुमच्या खासगी घराला हे लागू होत नाही. पण बँक, दवाखाना, सभागृह, सरकारी कचेरी यांच्या दारात पायरी अडवत असेल तर कायद्याचं आणि कलमाचं नाव घालून लेखी अर्ज द्या.

फुटपाथसाठी महापालिकेच्या इंदूर ३११ ॲपवर तक्रार टाकता येते. नुसतं ‘फुटपाथ खराब आहे’ असं लिहिलं तर झाडू मारून तक्रार बंद होते. फोटोत टेप उघडून धरा, फट किंवा चढ किती इंच ते दिसू द्या, जवळच्या दुकानाची खूण लिहा, आणि काय करून हवं आहे ते एका ओळीत सांगा: ‘हा खांब एक फूट उजवीकडे सरकवा.’