छप्पर उडालं, घर गळतंय: आधी मेन स्विच, मग शिडी

वादळ ओसरलं की माणूस पहिल्यांदा छपराकडे धावतो. ही घाई जिवावर बेतू शकते. ओली भिंत, ओला वासा, ओला पत्रा या सगळ्यांतून वीज वाहते. म्हणून शिडीला हात लावायच्या आधी घराची वीज तोडा, गावात वीज नसली तरीही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कोकणातल्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. अशा वेळी तारा मेलेल्या आहेत असं धरून चालणं फार धोक्याचं, कारण पुरवठा कधी सुरू होईल ते आधी कळत नाही. शिवाय कुणी जनरेटरची वायर थेट घरातल्या सॉकेटमध्ये खुपसली असेल, तर तीच वीज उलटी खांबावर चढते आणि खांबावरच्या लाइनमनचा जीव जातो. जनरेटर वापरायचाच असेल तर तो चेंजओव्हर स्विचमधूनच, म्हणजे एका वेळी खांबाची किंवा जनरेटरची एकच वीज घराला जोडणाऱ्या स्विचमधून.

पायांत कोरडी रबरी चप्पल, हात कोरडे, उभं राहायला कोरडा लाकडी पाट. अशा तयारीने मेन स्विच खाली ओढा. बोर्डावर पाणी ओघळत असेल किंवा तिथे जायला पाण्यात पाय ठेवावा लागत असेल तर बोर्डाला हातच लावू नका. महावितरणच्या 1912 या क्रमांकावर फोन करून वीज खांबावरून बंद करून घ्या. मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टर चालूच असतो आणि पंखे-दिव्यांच्या वायरी 230 व्होल्टने जिवंत असतात. हे हमखास विसरलं जातं. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणावरून बंद करा. छपरावर सोलर पॅनेल असतील तर उजेड आहे तोवर त्यांच्या वायरींत वीज असतेच, त्या तुटल्या असतील तर जवळ जाऊ नका.

घराकडे येणारी सर्व्हिस वायर पत्र्यावर पडली असेल तर सगळं छप्पर आणि त्याचा लोखंडी सांगाडा करंट धरतो. ही केबल ज्या लोखंडी तारेला बांधलेली असते, त्या तारेतही वीज उतरू शकते. अंगणात आडवी पडलेली तार, ओलं कुंपण, कपडे वाळत घालायची तार यांपासून मुलंबाळं आणि गुरं दूर ठेवा.

डागडुजीआधी सगळ्या नुकसानीचे फोटो काढा, आतून आणि बाहेरून. ताडपत्री टाकल्यावर खालचं काही दिसत नाही आणि तलाठी पंचनाम्याला येईपर्यंत घर उघडं ठेवणं शक्य नसतं.

पाऊस आणि वारा थांबल्याशिवाय वर चढू नका, एकट्याने तर नकोच. शेवाळलेलं कौल साबणासारखं निसरडं असतं. सिमेंटचा पत्रा वरून धड दिसतो पण पायाखाली अचानक फुटतो, म्हणून दोन आधारांवर टेकेल अशी लांब फळी टाकून तिच्यावरूनच सरका. जुन्या सिमेंट पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं. ते कोरडे कापू किंवा घासू नका. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून तुकडे उचला.

ताडपत्री बहुतेक ठिकाणी चुकीची टाकली जाते. फक्त भोकावर टाकली की वरून येणारं पाणी तिच्या वरच्या काठाखाली शिरतं आणि गळती दुप्पट होते. ताडपत्री आढ्यावरून (छपराच्या माथ्यावरून) पलीकडच्या पाख्यावर, म्हणजे उतारावर, निदान 3 फूट गेली पाहिजे, बाजूंनाही तितकीच. अलीकडे ती वळचणीबाहेर लोंबेल इतकी लांब हवी. म्हणजे उतार 12 फुटांचा असेल तर 16 फुटांपेक्षा आखूड घेऊ नका. काठ रिपेभोवती दोन वेढे गुंडाळून मग ती रीप वाशाला ठोका. नुसता खिळा मारला तर पहिल्याच झोतात ताडपत्री खिळ्यापाशी फाटते. मधोमध खिळे नकोतच. वर दगड-विटा ठेवू नका, वाऱ्याने त्या डोक्यावर येतात. वाळूच्या पिशव्या दोरीने जोडून आढ्याच्या दोन्ही बाजूंना लोंबत्या सोडा.

मंगलोरी कौलं एका ब्रासला, म्हणजे 100 चौरस फुटांना, साधारण 150 लागतात. आणायला जाताना जुनं कौल सोबत न्या. कारखान्यागणिक खाचा थोड्या बदलतात आणि खाच नीट बसली नाही की नवं कौलही गळतं. पत्र्याच्या छपरात स्क्रू किंवा जे-हुक (वाकडा हुक) नेहमी नाळीच्या, म्हणजे पत्र्याच्या लाटेच्या, उंचवट्यावर. खोलगट भागात भोक पडलं की पाणी तिथूनच वाहतं. वायसर (स्क्रूखालची रबरी चकती) नवी घाला, ती चपटी होऊन बाहेर येईपर्यंत आवळू नका. वाऱ्याची ओढ कडेला, कोपऱ्यांत आणि आढ्याशी सर्वांत जास्त असते, म्हणून तिथे एकाआड एक नाळ सोडण्याची काटकसर करू नका. पत्र्यावर पत्रा उताराच्या दिशेने निदान 6 इंच चढला पाहिजे.

आता पुन्हा वीज. छप्पर गळायचं थांबलं तरी भिंतीतल्या पाइपांत पाणी साचून राहतं, आणि बाहेरून कोरडा दिसणारा स्विच आतून ओला असतो. भिजलेला पंखा, पंप, फ्रिज तपासून घेतल्याशिवाय लावू नका. वायरमनकडून मेगरने, म्हणजे वायरींवरचं आवरण वीज अडवतं का ते मोजणाऱ्या यंत्राने, वायरिंग तपासून घ्या. 1 मेगाओमपेक्षा कमी आलं तर ते सर्किट बंदच ठेवायचं. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं होत नाही.

पुरवठा परत आला की आधी दिव्याचा एक सोडून बाकी सगळे एमसीबी (बोर्डावरचे आपोआप पडणारे स्विच) खाली असू द्या आणि एकच साधा तारेचा बल्ब लावून बघा. तो नेहमीपेक्षा प्रखर पेटला तर तत्काळ मेन बंद करा. वादळात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तुटलेली असेल तर 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्ट घरात येऊ शकतात, आणि टीव्ही, फ्रिज, चार्जर एका झटक्यात जळतात. बल्ब ठीक असेल तर एमसीबी एकेक करून चढवा.

चढवताना आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला तर तो खराब आहे असं समजून बायपास करू नका. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो तो कुठेतरी वीज ओलाव्यातून जमिनीत उतरते आहे म्हणूनच. शेवटी जो एमसीबी चढवल्यावर आरसीसीबी पडला, तो एमसीबी खाली करा, त्या सर्किटवरचे सगळे प्लग काढा आणि पुन्हा दोन्ही चढवून बघा. तरीही पडला तर दोष बहुधा भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे. ती भिंत वाळून वायरिंग मेगरच्या तपासणीत उतरेपर्यंत त्या खोलीत बॅटरीचा दिवा वापरा.