पोरांच्या अभ्यासाची खोली करताय? आधी पश्चिमेची भिंत बघा

मागच्या डिसेंबरात गच्चीवरची पत्र्याच्या छपराची खोली पोरांच्या अभ्यासासाठी सजवली. खर्च साडेसहा हजार, वाहवा भरपूर. होळी होते न होते तोच दोघं वह्या उचलून परत स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून. यंदा तीच खोली पुन्हा करतेय. जाऊबाई विचारते, शेजारीण विचारते, म्हणून एकदाच लिहून टाकते.

रंग, टेबल, पडदे, काहीही घ्यायच्या आधी पश्चिमेची भिंत कोणती ते बघा. अंदाजाने नाही, खोलीत उभं राहून. आणि थंडीत बघून समाधान मानू नका, माझी फसगत तिथेच झाली. डिसेंबरात सूर्य समोरच्या दुमजली घराआड मावळायचा, खिडकीत उन्हाची तिरीपसुद्धा नाही. मी खूश. पण थंडीत सूर्य नैऋत्येकडे कलून मावळतो आणि उन्हाळ्यात वायव्येकडे सरकतो, हे भूगोलात शिकलेलं तेव्हा आठवलं नाही. मार्च उजाडला तसा तो त्या घराच्या कडेने बाहेर आला आणि थेट आमच्या खिडकीत. खिडकीच्या कट्ट्यावर मेणाच्या खडूंचा डबा ठेवला होता. एका दुपारी बारा खडूंचा मिळून एक खडू झाला, लाल-हिरवा ओघळ भिंतीवरून खाली उतरला आणि त्यात एक मुंगी चिकटून बसली. तो डाग मी पुसलेला नाही. राहू द्या, आठवण म्हणून.

तर पश्चिमेची भिंत. नऊ इंची विटेची भिंत दुपारभर ऊन पिते आणि ते आत सोडते काही तासांनी, म्हणजे संध्याकाळी. म्हणजे नेमकी गृहपाठाच्या वेळी. त्यात मार्च-एप्रिलात शाळा सकाळची, पोरं दुपारी घरी, वार्षिक परीक्षा तोंडावर. आपल्याकडे जळगाव-भुसावळला पारा 45 ला टेकतो, पुण्याच्या बहिणीने पाठवलेल्या सजवलेल्या खोल्यांचे फोटो इथे काय कामाचे? सासूबाई पहिल्याच दिवशी वर आल्या, भिंतीला हात लावला आणि म्हणाल्या, "भट्टी शे ही!" मी ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

काय करायचं ते सांगते. टेबल पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीला. पश्चिमेला कपाट, ट्रंक, गोधड्यांची चळत, जे जाडजूड असेल ते, भिंतीपासून चार बोटं सोडून. पश्चिमेच्या खिडकीला शेडनेट बाहेरून लावा. बाहेरून! आतला पडदा देखणा दिसतो, पण काचेतून ऊन एकदा आत आलं की पडदा स्वतःच तापतो आणि आतच राहतो. शेडनेट कुठल्याही शेतीच्या दुकानात मीटरवर मिळते. पत्र्यावर वरून चुना. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, थोडा फेव्हिकॉल घालून दोन हात मारायचे. मेच्या शेवटी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, भर दुपारी खांबालासुद्धा सावली नसते, तेव्हा हा चुनाच कामाला येतो. पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी नवा. पत्र्यावर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, टाकतात काही जण, पण वायरिंगजवळ वाळलेलं सरपण मला नको.

मग परीक्षा घ्या. संध्याकाळी सहा वाजता, पंखा बंद करून, पोराच्या जागेवर वीस मिनिटं बसा. तुम्हाला बसवलं नाही तर पोराला बसवणार नाही.

कूलर असेल तर त्याच्या समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. आणि भिंतीवरचे कागद कूलरच्या झोतात लावू नका. चिकटपट्टी सुटते, तक्ते गुंडाळतात, वह्यांची पानं सादळलेल्या पापडासारखी मऊ पडतात.

टेबल. नवं घ्यायची काही गरज नाही. आमचं जुन्या दाराच्या फळीचं आहे, खाली भंगारातले दोन लोखंडी स्टँड. फळी पॉलिश पेपरने चांगली घासा, कुसळ गेलं की रडारड होते. उंची पोराच्या कोपरापर्यंत, विकत घेणाऱ्याच्या नव्हे. तिसरीतल्याचे पाय लोंबकळत होते, खाली पाट सरकवला, मिटलं. खुर्च्या दोन वेगवेगळ्या असल्या तरी चालतं. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, डावखुऱ्याला उलट, आणि टेबल अंधारात येणार नाही हे बघून मगच पश्चिमेची खिडकी झाका.

सजावट. इथे मात्र मी खूश आहे. पूर्वेच्या भिंतीवर पोरीने निळ्या रंगाने तापी काढली. मुलताईहून उगम, 724 किलोमीटरचा प्रवास, पार सुरतेजवळ समुद्रापर्यंत. खाली दक्षिणेकडून पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. वरून अनेर, गोमाई. गोमाई मिळते तिथे प्रकाशा गाव लिहिलं, आपलं भुसावळ ठिपक्याने, आजोळचं गाव त्याहून मोठ्या ठिपक्याने. खर्च एक डबी निळ्या रंगाची आणि एक जुना ब्रश. नकाशात पश्चिम डावीकडे असते, भिंतीवरही डावीकडेच काढा. धाकट्याने एकदा उलटी काढायला घेतली होती, नदी थेट नागपूरला निघाली.

रंग म्हणजे फिकट डिस्टेंपर, खालचे तीन फूट धुता येईल असा ऑइल पेंट, कारण हात लागणारच. फळ्याचा काळा रंग छोट्या पट्ट्यात लावा, अख्खी भिंत नको, खडूची धूळ कूलरच्या हवेत उडते. हो, आणि तो काळा पट्टा पश्चिमेच्या भिंतीवर तर नकोच. का ते आता मी परत सांगत नाही.

दिवा एलईडी, पांढरा. वीज जाते म्हणून चार्जिंगचा एक बल्ब. टेबलाजवळ पॉइंट आधीच काढून घ्या, नंतर भिंत फोडायला लागते. पुस्तकांना फळांचे जुने प्लॅस्टिक क्रेट, आडवे, एकावर एक. पडदा जुन्या साडीचा. पाण्याचा माठ कोपऱ्यात, पुस्तकांपासून लांब. घड्याळ, कॅलेंडर, कचऱ्याची टोपली तुमची तुम्ही बघा.

खिळा कुठे ठोकायचा ते पोरांना विचारा. पश्चिमेची भिंत सोडून. चुना रात्रीच भिजत घातलाय, ऊन चढायच्या आत पत्र्यावर मारून घेते.