असीरिया-बॅबिलोनिया तुलना: नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

एमएला प्राचीन इतिहास घेतला की मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) या दोन राज्यांची तुलना करा, हा प्रश्न येतोच. बहुतेक ज्युनियर मधे उभी रेघ मारतात, डावीकडे बॅबिलोनियाचा राजा हम्मुराबी आणि कायदे, उजवीकडे असीरियाचा राजा असुरबनिपाल आणि फौज, झालं उत्तर. पण हम्मुराबी इ.स.पू. १७९२ ते १७५० चा, असुरबनिपाल सातव्या शतकातला, मधे हजार वर्षं गेली की हो! म्हणून आधी काळ फिक्स करा. मी इ.स.पू. ७०५ ते ५६२ घेतला होता, म्हणजे असीरियात सेन्नाचेरिब गादीवर आला तिथपासून बॅबिलोनियाचा राजा नेबुखदनेझर गेला तिथपर्यंत, आणि तोच सुचवेन, कारण इ.स.पू. ६१२ मध्ये निनेवे पडेपर्यंत दोन्ही राज्यं वारंवार एकमेकांना भिडलेली आहेत, आणि त्यानंतर बॅबिलोनिया वरचढ झालेलं दिसतं.

मग नकाशा हाताने काढा. वर टायग्रिसकाठी असीरियाची राजधानी निनेवे, तिथली शेती बरीचशी पावसावर. खाली युफ्रेटिसकाठी बॅबिलोनियाची राजधानी बॅबिलॉन, तिथं कालवे नाहीत तर धान्य नाही, आणि कालवा म्हटला की गाळ काढणं आलं, पाणीवाटप आलं, भांडणं आली. हम्मुराबीच्या कायद्यातसुद्धा आहे, आपला बांध नीट न ठेवल्यामुळे फुटला आणि दुसऱ्यांची शेतं बुडाली तर धान्याची भरपाई द्यायची.

आता खरी गंमत. लिपी एकच, अक्कडियन भाषेच्याच दोन बोली, देवही बरेचसे तेच. फरक पडतो तो सर्वात मोठा देव कोण यावरून, असीरियात अशुर, बॅबिलोनियात मर्दुक. सेन्नाचेरिबने ६८९ मध्ये बॅबिलॉन उद्ध्वस्त केलं, एवढंच नाही तर सृष्टीच्या उत्पत्तीचं जे बॅबिलोनियन काव्य आहे त्याच्या असीरियन प्रतीत मर्दुकच्या जागी अशुर आला! आणि त्याच्याच मुलाने, एसरहद्दोनने, ते शहर परत बांधायला घेतलं. नातू असुरबनिपाल तर बॅबिलोनियातून मजकूर कोरलेल्या मातीच्या पाट्या गोळा करून निनेवेच्या ग्रंथालयात आणत होता. शहर पाडता आलं पण तिथल्या विद्येशिवाय यांचं पान हलत नव्हतं, माझ्या मते उत्तराचा गाभा हाच आहे, यावर दोन पानं खर्च करा.

अजून एक, "असीरियन क्रूर, बॅबिलोनियन धार्मिक" हे वाक्य लिहू नका प्लीज. असीरियन राजांनी युद्धं दगडावर कोरून महालात लावली म्हणून ती आपल्याला दिसतात. नेबुखदनेझरचे स्वतःचे लेख मुख्यतः देवळं आणि तटबंदी यांबद्दल बोलतात, पण जेरुसलेम त्यानेच पाडलं. कोण कशाबद्दल गप्प बसलंय तेही बघावं लागतं.

मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निमरुद या जुन्या असीरियन राजधानीतले शिल्पपट आहेत, ते आपल्या काळाच्या आधीचे आहेत पण निवांत बघून या, दगडातलं ते काम फोटोत कळत नाही. राजांचे लेख ऑरॅक (Oracc) या वेबसाइटवर इंग्रजी भाषांतरासकट फुकट वाचता येतात, आधी एसरहद्दोनचे काढा, बॅबिलॉन का पडलं हे तो वडिलांचं नाव न घेता कसं सांगतो ते वाचा.